छोट्या विमानाच्या वजनाचा हिशेब

रेडिओच्या आज्ञेत राहणारे आणि विजेच्या बळावर उडणारे छोटे विमान आज छंदाच्या साहित्याच्या दुकानात पुठ्ठ्याच्या एका खोक्यात विकत मिळते. आणि ते खोके उघडून आतील जिन्नस टेबलावर ओळीने मांडले, म्हणजे फोमचे धड, पंख व शेपूट, आखूड गोल मोटर, तिच्या दांड्यावर बसवायचा प्रोपेलर, मोटरला वीज मोजून देणारी ईएससी, पंखाच्या व शेपटीच्या फळ्या हलविणारे सर्वो, आज्ञा झेलणारा रिसीव्हर, या सर्वांना पोसणारी बॅटरी आणि उडविणाऱ्याच्या हाती राहणारा ट्रान्समीटर ही सारी मंडळी एकाच घरात एकाच सुमारास जन्मली असावीत, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पंख आणि शेपूट यांची परस्पर मांडणी १८७१ साली ठरून गेली होती. विमानावरील रेडिओची हुकमत छंदिष्टांच्या हाती १९३७ साली आली. सर्वोची आजची भाषा १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली. आणि मोटर व बॅटरी यांना मात्र आजचे रूप येण्यासाठी एकविसाव्या शतकाचा उंबरठा ओलांडावा लागला. विजेच्या मोटरचे मूळ तत्त्व फॅरडेने १८२१ सालीच दाखवून दिले असता, म्हणजे १८७१ च्या त्या मांडणीहूनही ते जुने असता, तिला या पंखाखाली येऊन बसण्यास एवढा दीर्घ काळ का तिष्ठावे लागले, या प्रश्नाचे उत्तर तिच्या शिधासामग्रीच्या वजनात आहे, आणि या छंदाचा सारा इतिहास म्हणजे, माझ्या मते, ग्रॅमाग्रॅमाने लढविलेल्या एका प्रदीर्घ मुकदम्याची कैफियत आहे.

प्रथम सांगाड्याविषयी. इंग्लंडात सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख आणि मागे वळविता येईल अशी शेपूट बसवून जे छोटे ग्लायडर केले, त्यात धड, पंख आणि शेपूट हे विमानाचे तीन विभाग स्पष्टपणे वेगळे झालेले दिसतात. तथापि स्वतःच्या बळावर पुढे जाणारे आणि वाऱ्याच्या धक्क्याने डळमळले तरी आपले आपण सावरणारे विमान प्रथम केले ते आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने. १८ ऑगस्ट १८७१ या दिवशी पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात, ज्या राजवाड्यामुळे त्या उद्यानास ते नाव पडले तो राजवाडा पॅरिस कम्यूनच्या बंडाच्या धामधुमीत जळून तीन महिनेही झाले नव्हते अशा वेळी, पेनोने आपले सुमारे दीड फूट पंखाचे विमान जमलेल्या मंडळींसमोर सोडले, आणि ते पिळलेल्या रबराच्या जोरावर ११ सेकंद उडून सुमारे ४० मीटरांवर उतरले. पंखांची टोके त्याने वर वळविली होती, आणि शेपटीची आडवी फळी पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसविली होती. नाक खाली गेले की शेपूट त्यास वर आणते आणि नाक वर गेले की खाली दाबते, हा जो अदृश्य बंदोबस्त आजही बहुतेक छोट्या-मोठ्या विमानांत चालतो, त्याची सनद त्या ११ सेकंदांची आहे. पेनो १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, निराशेने आत्मघात करून गेला. पण त्याच्याच धाटणीचे रबराने उडणारे एक खेळणे तत्पूर्वी दोन वर्षे अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी नेले होते, आणि त्या मुलांचे आडनाव राइट होते.

आजच्या खोक्यातील सांगाड्याचे भाग ओळखण्यास यापेक्षा अधिक पांडित्याची गरज नाही. शेपटीच्या आडव्या स्थिर फळीच्या मागील कडेस बिजागरीवर हलणारी पट्टी तो एलिव्हेटर. ती वर उचलली की शेपूट खाली दाबली जाते आणि नाक वर येते. उभ्या फळीमागील पट्टी तो रडर. तो नाक डावी-उजवीकडे वळवितो. पंखांच्या मागील कडांवर, टोकांच्या बाजूस, एक वर जाताना दुसरी खाली जाणारी जी जोडी असते ती एलेरॉनची; तिच्यामुळे विमान कुशीवर कलते. ज्या विमानाचे पंख पेनोच्या विमानाप्रमाणे टोकांकडे वर चढलेले असतात, त्यास एलेरॉन नसले तरी चालते, कारण रडरने नाक वळविले की पुढे गेलेला पंख आपोआप उचलला जाऊन विमान वळणाच्या बाजूस कलते. म्हणूनच नवशिक्यांसाठी केलेल्या विमानात मोटर, एलिव्हेटर आणि रडर एवढ्या तीनच चॅनेलवर, म्हणजे आज्ञांच्या तीन स्वतंत्र वाटांवर, काम भागते. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढील कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे पाव ते तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंनी एकेक बोट टेकवून विमान उचलले असता ते समतोल राहिले पाहिजे. न राहिल्यास सांगाड्यास हात न लावता बॅटरी पुढे-मागे सरकवावी, असा या क्षेत्राचा जुना दंडक आहे. शेपटीकडे जड झालेले विमान पहिल्याच उड्डाणात मोडते, याविषयी अनुभवी मंडळींत दुमत नाही.

सांगाडा कशाचा करावयाचा, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर बाल्सा या दक्षिण अमेरिकी लाकडाने सोडविला. ते मुख्यतः इक्वाडोरमधून येते, आणि वनस्पतिशास्त्र त्यास कठीण लाकडाच्या वर्गात घालीत असले तरी त्यात नखही रुतते. त्यानंतर फोम आला. थर्मोकोलच्या गोतावळ्यातील या पदार्थाने बाल्साची कला मारली अशी तक्रार जुनी मंडळी करतात, आणि ती खोटी नाही. पण मोडलेले फोमचे विमान डिंकाच्या चार थेंबांनी संध्याकाळपर्यंत पुन्हा उडते, हेही तितकेच खरे.

रेडिओचा अध्याय मात्र सावकाश सांगण्यासारखा आहे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील पाण्याच्या हौदात तारेवाचून चालणारी एक बोट फिरवून दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंटही घेतले. बोटीस वजनाची तमा नसते. विमानात तेच यंत्र नेताना व्हॅक्यूम ट्यूब, त्या तापविणारी एक बॅटरी, त्यांना उच्च दाबाची वीज पुरविणारी दुसरी बॅटरी, आणि हे सारे धक्क्यांपासून जपण्यासाठी रबरी दोऱ्यांचे झोके, असा मोठा लवाजमा न्यावा लागे. इंग्लंडच्या सरकारने १९३५ पासून तोफखान्याच्या निशाणबाजीसाठी क्वीन बी नावाची बिनवैमानिकाची विमाने वापरली खरी, पण ती पूर्ण आकाराची होती. छंदिष्टांच्या हातून हे काम व्हावे हा मान अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅलामझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांकडे जातो. वॉल्टर विमाने बांधीत असे; विल्यम हौशी रेडिओवाला होता; आणि दोघांच्या एकत्र खटपटीतून आठ फूट पंखाचे 'गफ' नावाचे जे विमान १९३७ साली रेडिओच्या आज्ञेने उडू लागले, त्याने १९३८, १९३९, १९४० आणि युद्धानंतर १९४७ अशा चार वेळा अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हे विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यात मोटर नव्हती, पेट्रोलचे इंजिन होते, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवतो. पुढे तिचे काम पडेल.

त्याच सुमारास हॉलिवुडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा मूळचा इंग्रज नट चित्रपटांतून कामे करता करता छोट्या विमानांचे दुकान चालवीत होता, आणि त्या दुकानातूनच त्याने रेडिओने उडणाऱ्या निशाणविमानांचा असा धंदा उभारला की दुसऱ्या महायुद्धात त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने अमेरिकी सैन्यास हजारोंच्या संख्येने ती पुरविली. त्या युद्धाच्या अखेरच्या काळात कारखान्यातील कामगार स्त्रियांची छायाचित्रे घेण्यास आलेल्या लष्करी छायाचित्रकारास तेथे नॉर्मा जीन डगर्टी ही तरुणी भेटली. तिला पुढे जग मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागले. इतिहासाच्या दफ्तरात असे कागद कोठे सापडतील याचा नेम नसतो.

प्रारंभीच्या रेडिओस एकच गोष्ट कळत असे: बटण दाबले आहे किंवा नाही. या एका होय-नाहीतून डावे-उजवे कसे काढावे? त्यासाठी एस्केपमेंट नावाची युक्ती निघाली. घड्याळात चाकास एकेक दाता सोडून अडविणारी जी अडणी असते तीच येथे विद्युच्चुंबकावर बसविली होती, आणि चाक फिरविण्याचे काम धडाच्या पोकळीत लांबवर ताणलेले पिळाचे रबर करी. बटण एकदा दाबून धरले तर रडर उजवीकडे, सोडले तर मध्यावर, पुन्हा दाबले तर डावीकडे, पुन्हा सोडले तर मध्यावर, असा हा क्रम असे; आणि मागची आज्ञा कोणती दिली होती हे विसरणाऱ्याचे विमान नेमके झाडाच्या दिशेने वळे. रबराचा पीळ आकाशातच उलगडून संपला, तर रडर जेथल्या तेथे थिजे आणि मालकास विमानामागे शेतांतून धावण्यावाचून उपाय उरत नसे. पेनोने प्रोपेलर फिरविण्यास योजलेले रबर सत्तर-ऐंशी वर्षांनंतर रडर फिरविण्यास जुंपले गेले, आणि विमान विकत घेणाऱ्यांनी त्यास आधुनिक यंत्र म्हणून पैसे मोजले!

त्यानंतर रीड आली. ट्रान्समीटर वेगवेगळ्या उंचीचे स्वर पाठवी, आणि रिसीव्हरमध्ये कंगव्याच्या दात्यांप्रमाणे उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्या बसविलेल्या असत. बाजाच्या पेटीत ज्या स्वराची पट्टी दाबावी तोच सूर आतून बोलावा, त्याप्रमाणे ज्या पट्टीचा स्वर आला तीच थरथरे आणि आपल्यापुरता विद्युत्प्रवाह जोडून देई. एकाच फळीस वर नेण्यास एक स्वर आणि खाली नेण्यास दुसरा लागत असल्यामुळे दहा स्वरांच्या यंत्रावर पाचच कामे भागत. त्यातही फळी एक तर पूर्ण वर जाई किंवा पूर्ण खाली. मधली अवस्था साधण्यासाठी उडविणारा खटक्यावर बोट भराभर टिचकावीत राही. रडर आणि एलिव्हेटर यांस अष्टौप्रहर फडफडत ठेवून त्या फडफडीचे प्रमाण बदलण्याची 'गॅलपिंग घोस्ट' नावाची आणखी एक पद्धत होती, तिच्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

या खटाटोपाचा शेवट अमेरिकेत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केला, आणि तो इतका नेमका केला की त्यांची भाषा आजही बदललेली नाही. ट्रान्समीटरच्या दांडीची जागा किती, हे सांगण्यास रिसीव्हर सर्वोकडे दर सेकंदास सुमारे पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवितो. ठोका एक सहस्रांश सेकंद टिकला तर फळी एका टोकास, दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या टोकास, दीड टिकला तर बरोबर मध्यावर. सर्वोचे झाकण उघडून पाहिले तर आत एक इवलीशी मोटर, तिची गती मंद करणारी चाकांची मालिका, आणि शेवटच्या चाकाच्या दांड्यास जोडलेला, रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्यास असतो तसला एक फिरता रोधक आढळतो. हा रोधक दांडा कोठे आहे याची खबर देतो, सर्किट ती खबर ठोक्याशी ताडून पाहते, आणि दोहोंत फरक असेतो मोटर फिरत राहते. दांडी बोटभर हलली तर फळी तेवढीच हलावी, ही आज सर्वांस सहज वाटणारी गोष्ट त्या दिवसापासूनची आहे. हातातील दोन दांड्यांपैकी मोटरचा थ्रॉटल डाव्या दांडीवर असल्यास त्यास मोड दोन आणि उजव्या दांडीवर असल्यास मोड एक म्हणतात. ज्या मोडवर शिकलात तो जन्मभर सुटत नाही, एवढेच याविषयी सांगावयाचे.

राहता राहिला लहरींचा तंटा. एकाच मैदानावर एकाच फ्रीक्वेन्सीचे दोन ट्रान्समीटर चालू झाले, तर दोन्ही विमानांस दोन धनी होतात आणि दोन्ही पडतात. म्हणून अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक वाटणीस एक रंग नेमून दिला होता, तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, आणि त्या रंगाची फीत ट्रान्समीटरच्या एरियलला बांधीत. शिवाय मैदानावर एक फळा असे, त्यावरील आपल्या फ्रीक्वेन्सीची चिमटी हस्तगत केल्याखेरीज ट्रान्समीटर चालू करावयाचा नाही, अशी कडक वहिवाट पडली. चिमटी दुसऱ्याच्या खिशात असता बटण दाबणारा सभासद मैदानाबाहेर जाई. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले, त्यांत प्रत्येक ट्रान्समीटर आपल्या रिसीव्हरशी आधी ओळख करून ठेवतो व परक्याची आज्ञा रिसीव्हर ऐकत नाही. त्यासरशी फळा, चिमट्या आणि फिती ही सारी व्यवस्था पाच-सात वर्षांत मोडीत निघाली. पाणतीराला पाठविलेल्या आज्ञा शत्रूस बुजविता येऊ नयेत म्हणून एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारीत राहण्याची याच जातीची कल्पना हेडी लमार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी १९४२ सालीच पेटंट करून ठेवली होती.

आता मूळ मुकदम्याकडे वळू. विजेने उडण्याचा पहिला मान विमानास मिळाला नाही, वायुनौकेस मिळाला. गास्तों तिसांदिए याने १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत्-प्रदर्शनात वायुनौकेची एक छोटी प्रतिकृती विजेवर चालवून दाखविली, दोन वर्षांनी स्वतः बसून मोठी नौका उडविली, आणि १८८४ च्या ऑगस्टात रेनार व क्रेब्स या लष्करी अधिकाऱ्यांनी 'ला फ्रान्स' ही नौका आठ किलोमीटर फिरवून निघाल्या ठिकाणी परत आणली. वायूने फुगविलेल्या नौकेत बॅटरीचे ओझे वायू उचलतो. पंखाच्या विमानात ते पंखानेच उचलावे लागते, आणि पंख उचलतो तो मोटरच्या जोरावर, व मोटर चालते ती त्याच बॅटरीवर. या चक्रात शिसे-आम्लाची बॅटरी सपशेल हरली. त्यामुळे पेट्रोलच्या छोट्या इंजिनास मैदान मोकळे मिळाले, आणि १९४७ साली रे आर्डन याने ठिणगीची कॉइल आणि तिची बॅटरी काढून टाकून नुसत्या लाल तापलेल्या तारेवर पेटणारा ग्लो प्लग विक्रीस आणल्यावर तर हे इंजिन अधिकच हलके झाले. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणास एरंडेल. उड्डाणानंतर पंखांवर, धडावर आणि उडविणाऱ्याच्या सदऱ्यावर जो तेलकट लेप बसे तो पुसण्यात निम्मी संध्याकाळ जाई, आणि त्या वासाची ज्यांना गोडी लागली त्यांना विजेचे विमान आजही सोवळे वाटते.

ब्रिटनचे कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी 'रेडिओ क्वीन' हे विमान स्थिरचुंबकी मोटर आणि रुपे-जस्ताच्या बॅटरीवर उडविले. रेडिओच्या आज्ञेतील विजेच्या विमानाचे हे पहिले अधिकृत नोंदीचे उड्डाण समजतात. रुपे-जस्ताची बॅटरी हलकी खरी, पण महाग आणि अल्पायुषी. पाणबुडीच्या पाणतीरांस परवडणारी वस्तू छंदिष्टास कशी परवडावी? त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जर्मनीत फ्रेड मिलिट्की याने दुसरी वाट धरली. रेडिओचे ओझेच टाकून द्यावयाचे, सांगाडा जितका हलका करता येईल तितका करावयाचा, आणि लहानशा कार्यक्षम मोटरवर विमान नुसते सोडून द्यावयाचे. ग्राउपनर कंपनीने पुढे त्याचा संच 'सायलेंशियस' या नावाने बाजारात आणला. मिलिट्कीची चिकाटी मोठी. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे हाइनो ब्रदिच्का याने विजेवर चालणाऱ्या मोटर-ग्लायडरमध्ये बसून माणसाचे पहिले विद्युत्-विमानोड्डाण केले, त्या विमानाची मूळ योजना मिलिट्कीचीच होती. तिकडे अमेरिकेत बाउचर बंधूंच्या अ‍ॅस्ट्रो फ्लाइट कंपनीने ४ नोव्हेंबर १९७४ रोजी बत्तीस फूट पंखाचे 'सनराइज' हे रेडिओचे विमान पंखावरील सौरघटांवर उडविले, आणि त्याच कंपनीच्या मोटरीचे बळ घेऊन 'सोलर चॅलेंजर' या विमानाने ७ जुलै १९८१ रोजी माणसास नेऊन इंग्लिश खाडी ओलांडली. छोट्या विमानांच्या धंद्याने मोठ्या विमानांस धडा घालून दिल्याची ही उदाहरणे क्वचितच कोणी आठवतो.

तरीही सामान्य छंदिष्टाच्या वाट्यास जे आले ते निकेल-कॅडमियम. पोर्टेबल ड्रिलमध्ये असतात तसल्या, प्रत्येकी पन्नास-पंचावन्न ग्रॅमांच्या सात कुप्या एकमेकींस डाग देऊन जोडावयाच्या, की ८.४ व्होल्ट होत. १७०० मिलिअँपिअर-तासांची अशी माळ सुमारे पावणेचारशे ग्रॅम भरे आणि तीत साठे अवघी चौदा वॅट-तास वीज. तिच्या जोडीस खेळण्यातील मोटारीची ब्रशवाली, म्हणजे फिरत्या भागास घासत्या तुकड्यांतून वीज पोचविणारी, मोटर. वेग कमी-जास्त करण्यासाठी प्रथम तर नुसता सर्वोने दाबला जाणारा खटका असे, किंवा जास्तीची वीज उष्णतेच्या रूपाने उधळणारा रोधक. तीन-चार मिनिटांत विमान दम टाकी, आणि पलीकडे एरंडेलाचा धूर सोडीत गिरक्या घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटे. ते हसू अन्यायाचे नव्हते.

हे चित्र पालटले ते तीन गोष्टींनी, आणि तिन्ही दुसऱ्याच धंद्यांतून उसन्या आल्या. निओडायमियमचे प्रबळ लोहचुंबक १९८० नंतरच्या दशकात जपान आणि अमेरिका येथे निघाले. इलेक्ट्रॉनिक खटक्यांची हलकी पाटी, म्हणजेच आजची ईएससी, निघाली, तिने ब्रश हद्दपार केले. आणि लिथियमची बॅटरी, जी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली, ती खिशातील उपकरणांसाठी पुढे पातळ पाकिटाच्या रूपात होऊ लागली. त्यांपैकी मोटरची कथा फार मजेची आहे. २००० नंतर टाकाऊ सीडी-ड्राइव्ह मुबलक झाले, त्यांतील तबकडी फिरविणारी मोटर उघडून छंदिष्टांनी तिच्या नऊ दात्यांच्या पोलादी गाभ्यावरील केसासारखी तार उलगडून टाकली, जाड तार हाताने गुंडाळली, बाहेरच्या वाटीतील दुबळे चुंबक खरवडून काढून बारा निओडायमियमचे तुकडे एक उत्तर, एक दक्षिण असे डिंकाने चिकटविले, आणि भंगारातून अशी मोटर केली की बाजारातील महागड्या मोटरीस तिने मान खाली घालावयास लावली. मोठ्या आकारात हेच काम जर्मनीतील लुकास, रेट्झबाख आणि क्यूफुस या त्रयीने केले, आणि त्यांच्या आद्याक्षरांनी ती गुंडाळणी आजही ओळखली जाते. गाभा आत स्थिर आणि चुंबकांची वाटी बाहेरून फिरणारी, या मोटरीस आउटरनर म्हणतात. ती मंद फिरते पण जोर अधिक लावते, त्यामुळे मध्ये दातेरी चाके न घालता मोठा प्रोपेलर थेट फिरवू शकते.

आजच्या मोटरवर २२१२ आणि १००० केव्ही असे काही लिहिलेले असते. पहिल्या आकड्याचा अर्थ बहुधा गाभा २२ मिलिमीटर व्यासाचा व १२ मिलिमीटर उंचीचा. दुसऱ्याचा अर्थ प्रत्येक व्होल्टास मिनिटाला १००० फेरे, तेही प्रोपेलर न लावता. प्रोपेलरवर ९×६ असते, म्हणजे व्यास ९ इंच, आणि हवा लोण्यासारखी घट्ट असती तर एका फेऱ्यात तो ६ इंच पुढे गेला असता. बॅटरीवर ३एस, २२०० आणि २०सी: तीन घट, प्रत्येकी ३.७ व्होल्ट, म्हणून ११.१, साठा २२०० मिलिअँपिअर-तास, आणि साठ्याच्या वीसपट, म्हणजे ४४ अँपिअर, एका दमात देण्याची ऐपत. ही ऐपत सांगण्याच्या बाबतीत बाजारातील लेबले उदार असतात. ईएससी मोटरला तीन तारांनी जोडलेली असते. त्यांतील कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. बॅटरी जोडताच मोटर जे टुणटुण बोलते, तो आवाज निराळ्या कर्ण्याचा नसून मोटरचीच वेटोळी ईएससी कंपवीत असते, आणि पुष्कळ संचांत त्या ठोक्यांची संख्या घटांची संख्या सांगते. ईएससीमध्येच बीईसी नावाचा भाग रिसीव्हर आणि सर्वो यांस पाच व्होल्ट पुरवितो, म्हणून दुसरी बॅटरी लागत नाही. आणि मुख्य बॅटरी उतरू लागली की ईएससी मोटर बंद करते, पण रेडिओचा पुरवठा तोडीत नाही, जेणेकरून विमान घसरत का होईना आज्ञेत उतरावे. वजन वाचविणाऱ्या साऱ्या युक्त्यांत ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

हिशेब करून पाहावा. ही २२०० ची बॅटरी सुमारे १८० ग्रॅमांची, आणि तीत सुमारे साडेचोवीस वॅट-तास मावतात. म्हणजे निकेल-कॅडमियमच्या त्या माळेच्या निम्म्याहून कमी वजनात पावणेदोन पट वीज. तरी देखील तिच्यातील साऱ्या साठ्याची बरोबरी जळताना अवघे दोन ग्रॅम पेट्रोल करू शकते, हे आकडे पाहिले की इंजिनवाल्यांनी पन्नास वर्षे मैदान का राखले ते ध्यानी येते. फरक इतकाच की छोटे इंजिन त्या दोन ग्रॅमांतील बहुतेक उष्णता आवाजात आणि धुरात उधळते, आणि चांगली ब्रशलेस मोटर दिलेल्या विजेचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग प्रोपेलरच्या दांड्यावर आणून सोडते.

आपल्याकडे ही विद्या मुख्यतः एनसीसीच्या हवाई शाखेने जोपासली; बाल्साच्या फळ्या घासणे आणि दोरीच्या टोकावर इंजिनचे विमान गोल फिरविणे हे शिक्षण महाराष्ट्रातील कित्येक कॅडेटांनी विमानतळ जवळून पाहण्याआधी घेतले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक मालाची जी गर्दी आहे, तीत आता सर्वो आणि ईएससी ही नावे उच्चारली तर दुकानदार चमकून पाहत नाही. २०२१ च्या ऑगस्टापासून भारत सरकारचे ड्रोन नियम लागू आहेत; त्यांच्या नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे असे आकाशाचे मुलूख आखलेले आहेत, लाल मुलखात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडविता येत नाही, आणि मैदान निवडण्यापूर्वी तो नकाशा पाहणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

ज्यांना हा छंद नव्याने धरावयाचा आहे त्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. थ्रॉटल खाली ठेवून ट्रान्समीटर आधी चालू करावा आणि विमानातील बॅटरी नंतर जोडावी. उतरल्यावर बॅटरी आधी काढावी आणि ट्रान्समीटर शेवटी बंद करावा. आणि बॅटरी जोडलेली असेपर्यंत प्रोपेलरच्या वर्तुळात बोट नेऊ नये, कारण छोटे इंजिन बोट आडवे आल्यास निदान बंद पडण्याचा संभव असतो, विजेची मोटर मात्र अडथळा आला की बॅटरीकडून अधिक प्रवाह ओढून अधिक जोराने फिरू पाहते.